हे सूत कुणाचं? अकाउंटंट म्हणून माझं पहिलं वर्ष

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या क्लासमध्ये आमचे सगळे व्यवहार १, २ नाहीतर ३१ तारखेला व्हायचे. लायसन्स न घेता टॅली उघडली की ती शिकाऊ मोडमध्ये चालते आणि महिन्यातल्या याच तारखा घेते. त्यामुळे खरेदी १ तारखेला, दुकानभाडं २ ला आणि पगार ३१ ला. व्यवहार छापलेला असायचा: 'अमुक यांच्याकडून ५०,००० रुपयांचा माल उधारीवर घेतला.' कुणाकडून, किती, उधार की रोख, सगळं त्या एका ओळीत. आपण खरेदीसाठी एफ-९ दाबायचं आणि नोंद करायची. अकरावी-बारावीच्या पुस्तपालनात असंच होतं, बी.कॉम.लाही असंच. हा विषय मला मनापासून आवडायचा. वर्गात तेरीज, म्हणजे ट्रायल बॅलन्स, पहिल्या फटक्यात जुळली की पुढचे दोन तास मी खुशीत असायची.

सर्टिफिकेट हातात आलं तेव्हा वाटलं, इचलकरंजीत अकाउंटंटला कामाची काय कमी! यंत्रमागाच्या शेड, सुताला खळ देणारी सायझिंग, सूत व्यापारी, कापड व्यापारी, ट्रान्सपोर्ट, पतसंस्था, प्रत्येकाला हिशेब लिहायला माणूस लागतं. जाहिराती रोज यायच्या आणि प्रत्येकीत शेवटी एकच ओळ असायची: किमान दोन वर्षांचा अनुभव आवश्यक. प्रत्यक्ष गेलं तरी तेच. "टॅली येते ना? छान. कुठं काम केलंय?" कुठंच नाही म्हटलं की "कळवतो".

आज त्या खुर्चीत बसून बघितलं तर त्यांचंही खोटं नव्हतं. ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, आणि २० तारखेला ३बी, म्हणजे कर भरण्याचं. तिमाही भरणाऱ्यांचं ३बी आपल्या राज्यात २२ तारखेला. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, वर भरायच्या कराचं व्याज. ते पडतं पार्टीला, म्हणजे ऑफिसच्या गिऱ्हाइकाला, पण बोलणी खातं ऑफिस. त्या धांदलीत नवख्या माणसाला हाताला धरून शिकवायला कुणाकडे सवड नसते. ते मला समजतं. जे तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही ते वेगळं. एका ऑफिसात मला सांगितलं गेलं, सहा महिने बिनपगारी ये, मग बघू. मी नाही म्हटलं. सकाळी दहा ते संध्याकाळी सात एंट्र्या मारायच्या, त्या एंट्र्यांचे पैसे ऑफिसनं पार्टीकडून घ्यायचे आणि मारणाऱ्या पोरीला बसभाडंही द्यायचं नाही, याला शिकवणं म्हणत नाहीत.

मग आईच्या बचत गटाची वही मी लिहायला घेतली. दरमहा २०० रुपये बचत, त्यातून अंतर्गत कर्ज, महिना दोन टक्के व्याज. कागदावर चौथीच्या पोरालाही जमेल असा हिशेब. पण वहीत आधीच्या लिहिणाऱ्या ताईंनी फक्त 'अमुक यांचे १,००० जमा' असं लिहून ठेवलेलं. त्यांच्यावर ८,००० कर्ज होतं. एका महिन्याचं व्याज १६०, म्हणजे मुद्दलात ८४० गेले असं कुणीही म्हणेल. पण मागच्या महिन्यात त्या बैठकीला आल्याच नव्हत्या, तेव्हा व्याज ३२० आणि मुद्दलात ६८०. हे वहीत कुठंच नव्हतं. त्या काकूंच्या घरी जाऊन, चहा घेत, विचारल्यावर कळलं. आमच्या गल्लीतल्या आठ-दहा बायकांच्या कष्टाच्या पैशांचा प्रश्न होता, त्यामुळे मी प्रत्येकीची बाकी तिच्यासमोर बसून जुळवली आणि तिच्या पासबुकावर लिहून दिली. पुस्तकात व्यवहार आयता सांगितलेला असतो, बाहेर तो आधी शोधावा लागतो, हे मला पहिल्यांदा तिथं जाणवलं.

पाठोपाठ चुलत्यांकडून त्यांच्या स्टेशनरी आणि झेरॉक्सच्या दुकानाची पिशवी मागून घेतली. बिलं, पासबुक, लाईटबिलं, उधारीची डायरी. तीन तारखांच्या टॅलीत खऱ्या दुकानाचं वर्ष मावेना, म्हणून रोजमेळ आणि बँकेची वही एक्सेलमध्ये लिहिली, खऱ्या तारखांनी. खतावणी केली, बँकेचा उतारा वहीशी ताडून बँक जुळवणी केली, ताळेबंद काढला. सगळ्या प्रिंट फाईलला लावल्या आणि शेवटी एक पान जोडलं, न उलगडलेल्या गोष्टींचं. 'बँकेतून ७,५०० रोख काढले, कशासाठी?' 'घर आणि दुकान एकाच मीटरवर, लाईटबिलातलं दुकानाचं किती?' 'झेरॉक्स मशीन मागच्या वर्षी घेतलं, बिल सापडत नाही.'

हीच फाईल घेऊन मी एका कर सल्लागारांच्या ऑफिसात गेले. सरांनी ताळेबंदावरून नुसती नजर फिरवली आणि शेवटच्या पानावर थांबले. "हे प्रश्न काकांना विचारलेस?" विचारले होते, निम्म्यांची उत्तरं मिळाली होती, ती पेन्सिलीनं बाजूला लिहिली होती. "उरलेली का नाही मिळाली?" मी म्हटलं, त्यांना आठवत नाही, आणि न आठवणाऱ्या गोष्टीला मी मनानं नाव दिलेलं नाही. "सोमवारपासून ये. आठ हजार देईन, शिकलीस की वाढवू." ऑगस्ट २०२३ मध्ये मी कामाला लागले.

ऑफिसात एक अण्णा आहेत. वय साठीच्या पुढं, हातानं कीर्द-खतावणी लिहिण्याच्या काळापासूनचे. त्यांनी मला पहिले कित्येक दिवस कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. पार्टी कापडी पिशवीतून कागद आणायची आणि मी ते वेगळे करायचे: खरेदी, मजुरीची बिलं, डिलिव्हरी चलन, बँक, लाईटबिल, पगारपत्रक, आणि 'विचारायचं' असा एक गठ्ठा. थर्मल कागदावरची पेट्रोलची पावती दोन महिन्यांत कोरी होते म्हणून तिची लगेच झेरॉक्स काढायची. बिलावर आपल्या पार्टीचा जीएसटी नंबर आहे का ते बघायचं. नंबरसुद्धा वाचता आला पाहिजे, असं अण्णांचं म्हणणं. पंधरा अक्षरं. पहिले दोन अंक राज्याचे, २७ म्हणजे महाराष्ट्र. आमच्याकडं निपाणी हाकेच्या अंतरावर, तिथलं बिल आलं की २९, म्हणजे कर्नाटक, आणि मग राज्याबाहेरचं म्हणून सीजीएसटी-एसजीएसटी नाही, आयजीएसटी. पुढची दहा अक्षरं पॅन. पॅनचं चौथं अक्षर पी असेल तर माणूस, एफ असेल तर भागीदारी, सी असेल तर कंपनी. कामाच्या कंत्राटावर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडं भरायचा आयकर, एक टक्का कापायचा की दोन, हे त्या अक्षरावर ठरतं. नुसत्या बिलावरच्या नंबरातून एवढं कळतं हे बघून मी थक्क झाले होते.

मला दिलेली पहिली फाईल एका खर्चीवाल्याची. इचलकरंजीबाहेरच्यांसाठी सांगते: व्यापारी सूत देतो, खर्चीवाला यंत्रमागधारक आपल्या मागांवर ते विणून कापड परत करतो आणि मजुरी घेतो. मजुरी पिकावर ठरते, म्हणजे कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती, त्यावर पैसे. सूत त्याचं कधीच नसतं, कापडही नसतं.

हे सगळं मी जन्मल्यापासून ऐकत आलेली. आमच्या गल्लीत पहाटेपासून मागांचा खडखडाट. तरी पिशवीतून पहिलं चलन निघालं तेव्हा हातात नुसता कागद होता: बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, सुताची पोती, वजन किलोत, अंदाजे किंमत, वर व्यापाऱ्याचं नाव. माझ्या समोर टॅलीचा खरेदीचा पडदा उघडा. अण्णा मागं येऊन उभे राहिले.

"आधी सांग, हे सूत कुणाचं?"

"व्यापाऱ्याचं."

"आपल्या पार्टीनं विकत घेतलंय?"

"नाही."

"मग खरेदी कुठनं आली?"

मग त्यांनी एक जाडजूड रजिस्टर काढलं. सूत किती किलो आलं, कोणत्या चलनानं, त्यातून किती मीटर कापड परत गेलं, वेस्ट किती, शिल्लक किती. रुपयांचा एक आकडा नाही. आर्थिक हिशेबाच्या वहीत हे सूत येतच नाही, तिथं येते फक्त मजुरी आणि त्यावरचा ५ टक्के जीएसटी. पण म्हणून ते सोडूनही देता येत नाही, कारण दिलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे असं जीएसटी कायदा सांगतो आणि विचारणा झाली तर हेच रजिस्टर पुढं ठेवावं लागतं. त्याच व्यापाऱ्याची फाईलही आमच्याच ऑफिसात होती. ३१ मार्चला त्याचा स्टॉक काढायचा तर त्याच्या गोदामातलं मोजून भागत नाही, सायझिंगवर आणि वेगवेगळ्या शेडमध्ये पडलेलं सूतही त्याचंच. एकच पोतं: खर्चीवाल्याच्या शेडमध्ये आहे, पण त्याच्या ताळेबंदात नाही, व्यापाऱ्याच्या नजरेआड आहे, पण त्याच्या ताळेबंदात आहे. पुस्तकात 'मालसाठा' हा शब्द मी शेकडो वेळा लिहिला होता. तो कुणाच्या मालकीचा, हा प्रश्न तिथं कधी पडलाच नव्हता.

त्याच फाईलमधली दुसरी गोष्ट तपशिलात सांगते, कारण नवीन येणाऱ्याला रोज भेटणारी हीच आहे. मजुरीचं बिल ५०,००० चं, वर जीएसटी २,५००, एकूण ५२,५००. बँकेत जमा ५०,८००. फरक १,७००. आता हे १,७०० कुठं गेले? क्लासमध्ये शिकवलेलं म्हणजे उरलेली रक्कम 'डिस्काउंट'ला टाकायची आणि पार्टीचं खातं निल करायचं. अण्णा म्हणाले, पैशाला पाय असतात, कुठं गेला ते शोधायचं. व्यापारी मजुरीवर टीडीएस कापतो. आपली पार्टी एकट्या मालकाची, म्हणजे एक टक्का. कापायचा मूळ ५०,००० वर, बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर त्यावर नाही. झाले ५००. हे ५०० बुडालेले नाहीत, ते पार्टीच्या पॅनवर सरकारकडं जमा आहेत आणि विवरणपत्र भरताना वजा मिळणार आहेत. डिस्काउंटला टाकले असते तर त्याच्या कष्टाचे ५०० रुपये कायमचे गेले असते. वर्षभरात अशी किती बिलं!

उरले १,२००. त्यासाठी मालकांना फोन केला. मला फोनची भीती वाटायची. वडिलांच्या वयाच्या माणसाला 'तुमचे पैसे कमी का आले' असं कसं विचारायचं? पण त्यांनी लगेच सांगितलं, "ताई, कापडात फॉल्ट निघाला म्हणून कापलेत. तोंडीच सांगितलं, कागद काय दिला नाही." सरांनी सांगितलं, कागद मागवून घ्यायला सांग, तोपर्यंत हे १,२०० व्यापाऱ्याकडून येणे म्हणून उभे राहू देत. पुढच्या पंधरवड्यात मालकांनी व्यापाऱ्याकडून चिठ्ठी आणली, तीवर ८०० होते. त्यांनी स्वतःच विचारणा केली आणि ४०० पुढच्या बिलात परत आले. मी काही मोठं केलं नव्हतं, एक फोन केला होता. पण त्या दिवशी घरी जाताना मला या कामाबद्दल जे वाटलं ते तेरीज जुळण्याच्या आनंदापेक्षा कितीतरी खोल होतं. चोवीस मागांच्या शेडमध्ये रात्रपाळी करणाऱ्या माणसाला आपले पैसे कुठं कापले जातात ते वहीतून दिसलं पाहिजे. वही त्याच्यासाठी आहे.

बँक जुळवणीबद्दल सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं. नवीन माणसानं सुरुवात तिथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. आमच्या भागात पार्टीची दोन-तीन खाती असतात, एक राष्ट्रीयीकृत बँकेत, एक सहकारी बँकेत, एक पतसंस्थेत. स्टेटमेंटवरचा मजकूर कधी अर्धवट तुटलेला, कधी नुसता यूपीआयचा लांबलचक आकडा आणि एखाद्या अनोळखी माणसाचं नाव. ६,००० गेले, नाव एका मुलाचं. विचारल्यावर कळतं की तो मागावरच्या कामगाराचा मुलगा, कामगाराकडं साधा फोन म्हणून मुलाच्या नंबरवर उचल दिली. म्हणजे हा खर्च नाही. कामगाराकडून येणं आहे, आणि पुढच्या पगारातून वळतं व्हायचं आहे. ११,५०० गेले एका शाळेला, ते धंद्याचे नाहीत, मालकाच्या घरखर्चाचे, भांडवल खात्याला नावे पडणार. एका जमा रकमेसमोर तर बायकोचं नाव होतं. सोनं गहाण ठेवून आणलेले पैसे. ते सांगताना मालकांचा आवाज उतरला. अशा वेळी पुढचा प्रश्न विचारायचा नसतो, नोंदीपुरतं कळलं की थांबायचं. ऑफिसात ऐकलेलं ऑफिसातच ठेवायचं. हे मला कुणी नियम म्हणून सांगितलं नाही, पण अण्णा पार्टीशी फोनवर ज्या हळू आवाजात बोलायचे त्यावरून मी घेतलं.

रोख खातं त्याहून बोलकं. एका महिन्यात मधल्याच एका तारखेला रोख शिल्लक वजा १४,६०० दिसायला लागली. महिनाअखेरीला सगळं बरोबर, मधेच वजा. गल्ल्यात शून्याच्या खाली पैसे जात नाहीत, म्हणजे कुठून तरी आलेले पैसे लिहायचे राहिलेत. आठवड्याचा पगार वाटायला कमी पडले म्हणून आईकडून १५,००० घेतले होते. परत दिले का? अजून नाही. मग हे आईचं कर्ज. सरांनी इथंच मला समजावलं की २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम अशी रोखीनं उसनी घेतली असती तर तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम २६९एसएसमध्ये अडकलं असतं, घरच्या माणसाकडून असली तरी ते उत्तर द्यावंच लागतं. तसंच एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोखीनं खर्च दिला तर तो खर्च आयकरात धरत नाहीत. हे नियम बी.कॉम.ला पाठ केले होते. पण ते मालकाला महिन्याच्या सुरुवातीला सांगायचे असतात, वर्षअखेरीला नाही, हे ऑफिसात कळलं. वर्ष संपल्यावर नियम सांगून त्याचा काही फायदा होत नाही, नुसती धास्ती वाढते.

२बी जुळवणीचा भाग थोडक्यात सांगते. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी तयार होतं, पुरवठादारांनी भरलेली आपली बिलं त्यात दिसतात आणि जे दिसतं त्यावरच्याच कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळतं. मोटर रिवाइंडिंगचं बिल १०,००० अधिक १,८०० जीएसटी, पिशवीत आहे, २बीमध्ये नाही. फोन केला तर उत्तर, "आम्ही तीन महिन्यांनी भरतो." मग त्यांच्या नावापुढं मी 'तिमाही' असं लिहून ठेवायला लागले, म्हणजे दर महिन्याला धावाधाव नको. कधी त्यांनी बिल क्रमांक ००४५ ऐवजी ४५ टाकलेला असतो, कधी आपला नंबरच घातलेला नसतो आणि बिल किरकोळ विक्रीत गेलेलं असतं. कंटाळवाणं काम आहे हे. पण छोट्या शेडला १,८०० रुपये कमी नाहीत.

खरी परीक्षा मार्च २०२४ मध्ये झाली. आयकराच्या कलम ४३बी मध्ये नवीन पोटकलम एच त्या आर्थिक वर्षापासून लागू झालं होतं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. मुदत चुकली तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षातच मिळणार. कापड धंद्यात उधारी लांब चालते, दोन-तीन महिने कुणी बोलतही नाही. व्यापाऱ्यांच्या फाईली एकदम टेबलावर आल्या. ज्यांना पैसे द्यायचे आहेत त्यांची यादी काढायची, कुणाकडं उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे, तो उत्पादक किंवा सेवा देणारा आहे की नुसता खरेदी-विक्रीवाला, कारण निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्याच्या बिलांना हे लागू नव्हतं, आणि कुठलं बिल किती दिवसांचं.

शेवटच्या प्रश्नाशी येऊन सगळं अडलं. पैसे देताना टॅली विचारते, हे कुठल्या बिलापोटी? वर्षानुवर्षं बऱ्याच ठिकाणी 'ऑन अकाउंट', म्हणजे कुठल्याच बिलाला न जोडता, निवडून पुढं जायची सवय. खात्याची एकूण बाकी बरोबर असते, पण कुठलं बिल फिटलं आणि कुठलं बाकी, ते टॅलीला सांगता येत नाही. मला नुकतंच आलेलं माणूस म्हणून हे काम मिळालं: प्रत्येक पेमेंट उघडायचं, बँकेची तारीख बघायची, पार्टीकडून आलेल्या खाते उताऱ्याशी ताडायचं, आणि बिलाला जोडायचं. रात्री आठ-साडेआठपर्यंत बसायचो. अण्णा घरून शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी आणायचे. त्या दिवसांत मी जेवढी खाती वाचली तेवढी तीन वर्षांच्या कॉलेजात पाहिली नव्हती, आणि त्यातून मला न शिकवता कळायला लागलं की कुठला व्यापारी वेळेवर देतो, कुठला सणाच्या तोंडावर हात आखडता घेतो, कोण थोडे थोडे पाठवून समोरच्याला गप्प ठेवतो.

याची दुसरी बाजू आमच्या खर्चीवाल्यांच्या फाईलमध्ये दिसली. ज्यांची मजुरी महिनोनमहिने अडकून होती त्यांच्या खात्यांवर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पैसे यायला लागले. एका पाठोपाठ एक. कायद्यातल्या एका पोटकलमाचा परिणाम मी बँक स्टेटमेंटवर डोळ्यांनी पाहिला आणि मला भरून आलं. सगळं गोडच झालं असं नाही. एका मालकांना व्यापाऱ्यानं सांगितलं, तुमची उद्यम नोंदणी रद्द केलीत तर काम चालू ठेवतो. ते आमच्याकडं आले, सर त्यांच्याशी तासभर बोलले. नोंदणी त्यांनी ठेवली. काम थोडं कमी झालं, ते मान्य केलं पाहिजे.

मे महिन्यात माझा पगार वाढला आणि फाईलींवर 'तयार करणारी' म्हणून माझं नाव यायला लागलं. आता नवीन कुणी ऑफिसात आलं की मी सरांना एकच विनंती करते: त्यांना पहिल्या महिन्यापासून पार्टीशी बोलू द्या. नवख्याला महिनोनमहिने नुसत्या एंट्र्या मारायला बसवलं तर तो एंट्र्याच शिकतो. आणि क्लास चालवणाऱ्यांनाही कळकळीनं सांगावंसं वाटतं, शेवटचे पंधरा दिवस तरी ओळखीच्या दुकानदाराची खरी पिशवी, नावं झाकून, पोरांपुढं रिकामी करा. मळकी बिलं, अर्धवट स्टेटमेंट, हरवलेले कागद. उत्तर शेवटच्या पानावर नसलेलं एक तरी गणित त्यांना सोडवू द्या.

अनुभव नाही म्हणून अडलेल्यांनी काय करावं, असं मला बरेच जण विचारतात. एखादा बचत गट, एखादी छोटी सोसायटी, नात्यातलं एखादं दुकान घ्या आणि त्याचं एक पूर्ण वर्ष खऱ्या तारखांनी लिहा. बँक जुळवल्याशिवाय पुढं जाऊ नका. अडेल ते सस्पेन्सला, म्हणजे न उलगडलेल्या रकमांच्या खात्याला, टाकून पुढं जायला हरकत नाही, पण त्यातल्या प्रत्येक रकमेचा प्रश्न लिहून ठेवा, आणि असा लिहा की समोरच्याला एका वाक्यात उत्तर देता येईल. 'जुलैचे काही खर्च कळत नाहीत' असं पार्टीला पाठवलं तर उत्तर येत नाही. 'काका, ९ जुलैला सहकारी बँकेतून ६,००० यूपीआयनं गेलेत, ही मागावरच्या माणसाची उचल आहे का? असेल तर कुणाची?' असं पाठवलं की दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत फोन येतो.